माझ्या माफीखाली मार्कची सही

"तू दाराशी बस. बिल्ले वाट. आणि हो, तोंड उघडू नकोस."

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचे संपादक सगळ्यांदेखत म्हणाले. पुण्याचे गृहस्थ. दुबईतल्या हॉटेलात वाचकांचा मेळावा होता. पडद्यावर भलंमोठं लिहिलेलं: आम्ही चुकलो तर कबूल करतो.

कबूल कोण करायचं? मी. सहा वर्षं तक्रारी मी वाचल्या, चुका मी शोधल्या, माफी मी लिहिली. खाली सही मार्कची. असा कुणी माणूसच नव्हता. जाहिरात विभागातल्या एका इंग्रजाचा फोटो चिकटवलेला.

माझं नाव का नाही, विचारलं होतं मी. साहेब हसले. "अगं, तुझं आडनाव वाचून आपलेच लोक नाक मुरडतील. विश्वासाचा धंदा आहे हा."

शाळेत हजेरी घेताना याच आडनावाशी बाई थबकायच्या. वाटलं होतं, समुद्र ओलांडला की सुटलं. कसलं सुटतंय! व्हिसा याच नोकरीवर होता, पोरीची शाळा होती. गप्प बसले. लाज वाटते सांगायला.

त्या दिवशी मेळाव्यात तो इंग्रज मार्क बनून स्टेजवर. शेजारच्या अजमानचे एक दुकानदार उठले, मूळ रत्नागिरीचे. त्यांच्या भावाचा फोटो आम्ही ठग म्हणून छापला होता. ठग दुसराच कुणी होता. माफी मागून झाली होती.

"सर, भाई का फोटो अभी भी है. उसको कोई काम नहीं देता."

इंग्रज साहेबांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "यल्ला, चला, नेक्स्ट क्वेश्चन."

माझं डोकंच फिरलं. उठले.

"भाईजान, या इंग्रजाला काय माहीत? माफी मी लिहिली होती. फोटो काढा म्हणून तीनदा सांगितलं. साहेब काढू देत नाहीत. ती बातमी लोक फार बघतात." आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

"खाली बस!" साहेब ओरडले.

"नाही बसत."

संध्याकाळी घरी साहेबांचा मेसेज. एका ज्युनियर बाईचा गोंधळ झाला, असा खुलासा लिही. मार्कच्या नावाने. निर्लज्जपणाची हद्द!

पोरगी मागे उभी. "मम्मा, विल दे फायर यू?"

"काढतील."

आधी साहेबांना न विचारता साइटवरून तो फोटो काढला. मग खुलासा लिहिला, घडलं तसा, मार्कच्या खोटेपणासकट. खाली माझं नाव टाकून छापून मोकळी झाले. आता नोकरी जाईल, कदाचित देशही सोडावा लागेल. सोडीन. पण यापुढे माझ्या शब्दाखाली दुसऱ्या कुणाचं नाव लागू देणार नाही.