मोजणारं कार्ड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडंतिकडं, कारण चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या भवानी पेठेतले रेडिओ दुरुस्त करणारे भाऊ माणसांशी कमी आणि वस्तूंशी जास्त बोलतात. बिघडलेल्या रेडिओला ते "बोल की रं," असं लाडानं म्हणतात. माझ्या रेडिओतला एक ट्रान्झिस्टर जळला होता. त्यासाठी मी आगाऊ पैसे दिले, तेव्हा त्यांनी भंगारातून ट्रान्झिस्टरांनी भरलेली एक जुनी पट्टी आणली. तिच्यातलाच एक काढून माझ्या रेडिओत बसवायचा होता.

परवा गेले, तर भाऊ ती पट्टी उन्हात धरून बघतच बसलेले. ट्रान्झिस्टरांच्या पत्र्याच्या इवल्या टोप्या जोडीजोडीनं चमकत होत्या.

"वैनी, ह्ये गाणारं न्हाय, मोजणारं हाय. ह्या जोडीतला एक जागा झाला की दुसरा झोपतो. कॉम्प्युटरचं कार्ड हाय ह्ये!"

कार्ड म्हटल्यावर मला चादरीच्या मागावरची, नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं आठवली. मी ती दिवसभर दोऱ्यानं ओवते. त्यातलं एक गळालं, तरी चादरीवरचं फूल मोडतं.

"मग माझी गाणी?" मी हळूच विचारलं.

भाऊंनी डाख द्यायची तापलेली सळई पट्टीजवळ नेली आणि तशीच मागं घेतली.

"एकाला काढलं तर दुसऱ्याला कोण उठवंल, वैनी?"

मी मुका रेडिओ पदराखाली घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि गल्ल्यातून माझे सगळेच्या सगळे पैसे काढून हातावर ठेवले.