राज्यशास्त्राला जामीन

माझ्या एम.ए.च्या कर्जाला मामा जामीन राहिला. बँकेला पगाराची स्लिप असलेला माणूस हवा होता आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तशी स्लिप एकट्या मामाकडे होती. तो रोह्याला कंपनीत शिफ्टला जायचा. आमचं घर पेणपासून आत, गागोद्याच्या बाजूला. भात, आणि भातामागून वाल. वालाला कुठली आलीय स्लिप?

पेणच्या बँकेतल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "राज्यशास्त्र? म्हणजे पुढे आमदार का?" मी रागाने लाल झाले. मामा मात्र मनापासून हसला. "झालीच तर तुमच्या दारचा रस्ता पयला करून देईल, साहेब," म्हणाला आणि दाखवतील तिथे सह्या करत सुटला.

एम.ए. झाले. आमदारकी दूरच, साधी कायमची नोकरी मिळेना. शेवटी रोह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढे पैसे, तेही वरून आले की. परीक्षेच्या दिवसांत नाहीत, सुट्टीत नाहीत, गणपतीत तर नाहीतच. वर्गात मूलभूत हक्क शिकवायचे आणि तास संपला की ऑफिसच्या खिडकीशी जाऊन माझ्या बिलाचं काय झालं ते गरिबासारखं विचारायचे. राहायला मामाकडेच होते. शेजारच्या बाईंनी एकदा रेशनकार्डावरचं नाव कसं सुधारायचं विचारलं, तर मला धड सांगता आलं नाही. "मग शिकली काय ही?" असं त्या जिन्यात म्हणाल्या. मामानेही ते ऐकलं असणार.

शिफ्टवरून आला की चहा पिता पिता तो एकच विचारायचा, "मग, उपेग होतोय ना गो शिकल्याचा?" त्यात टोमणा नसायचा. आणलेला आंबा गोड निघाला का, असं विचारावं तसं विचारायचा. मी "बघू" म्हणायचे. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण आपल्याला खोटं बोलता येत नाही याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

माझे हप्ते थकले तशी बँकेने जामिनाच्या पगारातून कापायला सुरुवात केली. मामाने मला पत्ता लागू दिला नाही. तो डबल शिफ्ट करतोय ते दिसत होतं, पण घराचं काम काढायचंय असं त्याने सांगितलं होतं. एके दिवशी डबल करून आला, जेवला, झोपला, तो उठलाच नाही. पगार कापला जात होता हे मला नंतर मामीने सांगितलं, रडता रडता, सहज बोलण्याच्या ओघात. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठावर गेलो. आमच्याकडे बायकाही जातात. पिंड मांडले, सगळे मागे सरकलो. कावळे झाडावर होते, खाली एकही येईना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देऊ लागला. मामेभाऊ म्हणाला, "आईला सांभाळतो." धाकटा मामा म्हणाला, "घराचं काम मी काढतो." ऊन चढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कर्जाचं बोल गो तू. जीव त्यातच आडकला असंल."

मी पुढे झाले, हात जोडले. "मामा, कर्ज मी फेडते. पै न् पै फेडते."

एक कावळा खाली उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. शिवला मात्र नाही. अजून काहीतरी राहिलंय, असं लोक आपसांत कुजबुजू लागले. काय राहिलंय ते मला एकटीला ठाऊक होतं. उपेग झाला, एवढंच म्हणायचं होतं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी ते म्हणवेना. जिवंतपणी ज्याला खोटं सांगितलं नाही, त्याला मेल्यावर कसं सांगू? कावळा उडून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

त्या कावळ्याचं बघणं माझ्या मागे लागलं. वर्गाच्या खिडकीत कावळा बसला की माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं, मुलं एकमेकांकडे बघायची. मामावर मी चिडायचेही. कुणी सांगितलं होतं सही करायला? आणि केलीस तर निदान मला एकदा ओरडायचं होतंस.

कर्ज मी फेडलं. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये संध्याकाळी राज्यशास्त्रच शिकवून फेडलं, त्याला बरीच वर्षं लागली. ज्या विषयाने कर्ज केलं त्यानेच ते फेडलं, मधल्या मध्ये माणूस गेला. हे कुठल्या पारड्यात टाकायचं ते मला अजून कळत नाही.

कर्ज संपल्याचा बँकेचा दाखला मिळाला त्याच वर्षी पितृपक्षात मामीने नेहमीसारखं बोलावलं. गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, म्हणून पान घेऊन मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीवर कावळा बसला होता. पान कठड्यावर ठेवून मी म्हटलं, "मामा, फिटलं सगळं." तो मान वाकडी करून बघत राहिला. मी बराच वेळ थांबले. भात वाळत चालला, खिरीवर माश्या बसू लागल्या. आता तरी 'उपेग झाला' म्हणावं असं वाटलं, पण म्हटलं नाही.

खालून मामीची हाक आली, "शिवला काय गो?"

ती सकाळपासून उपाशी होती. कावळा शिवल्याशिवाय ती त्या दिवशी घास घेत नाही. कावळा अजून टाकीवरच होता.

"व्हय मामी," मी म्हटलं. "शिवला. तू जेवून घे."

खाली ताट ओढून घेतल्याचा आवाज आला. मामालाही एवढं एक 'व्हय'च हवं होतं.