न झालेला सत्कार

माझं अक्षर वाईट आहे आणि चुकाही बऱ्याच असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. वैद्य मॅडमनी त्या दिवशी काय केलं, ते मला विसरायचं नाही, एवढंच.

हॉटेलच्या हॉलमध्ये आमचं ट्रेनिंग चालू होतं. कपड्यांच्या एका फॅक्टरीचे मालक चोपडासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मैडम जी, सीधी बात करूँ?"

"सीधी ही कीजिए," मॅडम म्हणाल्या.

"मेरा एक प्रेसमैन है, कपड़े इस्त्री करता है. अठारह हज़ार एडवांस ले गया, इसी बीमारी की दवाई के लिए. मैनेजर कहता है, निकाल दो. निकालूँ तो पैसा डूबा. रखूँ तो आदमी भी डूबेगा, पैसा भी."

हॉलमधले बाकीचे मालक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

आमचं काम असं होतं. फॅक्टरीचे मालक आणि कंपन्यांचे मोठे साहेब यांना एका दिवसाचं ट्रेनिंग द्यायचं. कामगाराला एचआयव्ही निघाला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सांगायचं. तेव्हा गुडगावात अर्धी शेतं आणि अर्ध्या काचेच्या बिल्डिंगी होत्या. नोएडात रोज नवी फॅक्टरी उघडायची. गावाकडून माणसं येत होती, आणि हा आजार कुणाच्याही बापाला विचारून येत नव्हता.

वैद्य मॅडम मूळच्या पुण्याच्या. एका मोठ्या कंपनीत पर्सोनेलमध्ये होत्या, ती नोकरी सोडून त्यांनी हे काम धरलं. मी त्यांच्याकडे 'पॉझिटिव्ह स्पीकर' होते. म्हणजे ज्याला स्वतःला हा आजार आहे आणि जो लोकांसमोर बोलतो, तो. माझे मिस्टर फौजेत होते. ते गेले तेव्हा आम्ही दिल्ली कॅन्टमध्येच राहत होतो. त्यांच्यामागून माझा रिपोर्ट आला. ट्रेनिंगमध्ये मी दहा मिनिटं बोलायचे, तेही बहुतेक जमिनीकडे बघून.

मॅडमची पद्धत मला फार आवडायची. त्या मालकांना कधी दया करा असं म्हणायच्या नाहीत. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं, एक बाथरूम वापरल्यानं हा आजार होत नाही, हे त्या आधी नीट समजावून सांगायच्या. मग सरळ धंद्याचं बोलायच्या.

चोपडासाहेबांनाही त्यांनी तेच विचारलं. "काम कैसा करता है?"

"ए-वन. बायर को जो सैंपल जाता है, उसी के हाथ की प्रेस होती है."

"नया आदमी कितने दिन में ऐसा बनेगा?"

"साल तो लगेगा."

"मतलब अठारह हज़ार भी फेंकेंगे और साल भी. और एक बात. जो काम पर है, वही पैसा चुका सकता है. घर बैठा आदमी किसका चुकाएगा?"

चोपडासाहेब खाली बसले. थोड्या वेळानं खिशातून पेन काढून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडमनी शेवटी कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी समजावली. म्हणजे कामगाराचा आजार ज्याला कळला त्यानं तो आपल्यापाशीच ठेवायचा. चोपडासाहेबांनी मान डोलावली. "बिल्कुल जी, चुगली थोड़े ही करेंगे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दिनेशला आमच्या ऑफिसात पाठवला. पूर्व यूपीचा, पस्तिशीचा, बारीक माणूस. हातांवर इस्त्रीचे जुने चटके. कागदाचा कप हातात फिरवत बसला होता. म्हणाला, "दीदी, घरवाली को मालूम है. साला उसी फैक्टरी में कटिंग पर है, उसको नहीं मालूम. उसको पता चला तो शाम तक गाँव में पता चलेगा. मेरी बहन की शादी की बात चल रही है." मॅडम म्हणाल्या, तुझ्या तोंडून गेलं तरच जाईल.

मग विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सकाळी चोपडासाहेबांचा फोन आला. आवाज एकदम खुशीत. "मैडम जी, आज ज़रूर आइए. आपकी ट्रेनिंग का फल दिखाता हूँ."

त्या दिवशी दिल्लीकडच्या फॅक्टऱ्यांत काम बंद असतं. मशिनी धुऊनपुसून त्यांना टिळा लावतात आणि मालक सगळ्यांना लाडू देतो. मॅडमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरवरून आम्ही त्यांच्या जुन्या मारुतीतून निघालो. मॅडमही खुशीत होत्या. "सुमन, नोकरी वाचली वाटतं त्याची," म्हणाल्या.

शेडमध्ये शिरलो आणि मॅडमची पावलं थांबली. समोर स्टेज होतं. माईक होता. लाडूंच्या टोपल्या होत्या. झेंडूचा मनगटाएवढा जाड हार ताटात ठेवलेला. तीन-चारशे कामगार सतरंजीवर बसले होते. आणि स्टेजच्या कडेला दिनेश उभा, घडी न मोडलेल्या नव्या शर्टात.

मला बघून तो जवळ आला. "दीदी, साहब ने नया कपड़ा पहन के आने को बोला. बात क्या है?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, त्याला कळलं होतं काय आहे ते.

चोपडासाहेब हात जोडत आले. "देखिए मैडम जी! सबके सामने माला पहनाऊँगा. बोलूँगा कि इस भाई को एचआईवी है, और चोपडा इसके साथ खड़ा है. किसी का डर नहीं रहेगा."

त्यांचं मन वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्याकडे चांगलं काम असंच करतात. पाणपोई बांधली तरी नाव कोरून, भंडारा घातला तरी माईक लावून. गुपचूप केलेलं भलं त्यांना अर्धवट वाटतं.

मॅडमनी त्यांना हळूच मशिनींच्या रांगेमागे नेलं. मी मागे गेले, आणि दिनेशही माझ्या मागे.

"सर, इससे पूछा?"

"पूछना क्या है, भला ही तो कर रहे हैं."

"नहीं पूछा, तो मत कीजिए."

साहेबांचा चेहरा उतरला. "मैडम जी, आपकी ये बहनजी तो खुद माइक पर बोलती हैं. इनका बोलना अच्छा, और हमारा बुरा?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"सुमन से मैंने पूछा था, हिंदी में नहीं, उसकी अपनी भाषा में," त्या म्हणाल्या. "तीन दफा उसने ना कहा. जब ना कहती थी, तब भी उसकी तनख्वाह चालू थी. चौथी दफा वो खुद आई. आपका आदमी ना कहे, तो क्या उसकी नौकरी रहेगी?"

साहेब वळून स्टेजकडे बघायला लागले. मॅडम तिथेच थांबल्या नाहीत.

"आपको शुगर है ना, सर? उस दिन लंच में आपने मीठा लौटा दिया था. पहले मैं माइक पर आपकी रिपोर्ट पढ़ दूँ?"

"मेरी शुगर से फैक्टरी का क्या लेना?" ते चिडून म्हणाले. आणि म्हणता म्हणताच थांबले.

मग त्यांनी दिनेशकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. दिनेश हात जोडून, मशिनीला पाठ चिकटवून उभा होता.

"ओये," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तू डर रहा है?"

"जी साहब."

"मुझसे?"

"माइक से, साहब."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. बाहेर कामगार टाळ्या वाजवायला लागले होते. लाडवांना उशीर होत होता. "अब? माला आ गई है. सब देख रहे हैं. क्या बोलूँ?"

मॅडमनी त्यांच्या कानाशी लागून दोन वाक्यं सांगितली. साहेब स्टेजवर चढले. हार उचलला, सगळ्यात जुन्या मशिनीला घातला आणि माईक हातात घेतला. "सुनो भाइयो. आज से इस फैक्टरी में बीमारी की वजह से किसी की नौकरी नहीं जाएगी. बीमारी कोई भी हो. और किसको क्या है, ये मेरे दफ्तर से बाहर नहीं जाएगा. ये चोपडा की ज़बान है." मग स्वतःच्या मनानं पुढे जोडलं, "मुझे शुगर है, इसलिए मेरे हिस्से का लड्डू भी तुम लोग खाओ."

शेड हसली. दिनेशचा मेहुणा लाडू खात त्याच्या नव्या शर्टावरून त्याची थट्टा करत होता. "जीजा, दूल्हा बनके आए हो?" दिनेशही हसत होता.

परत येताना मॅडम पुलावर गाडी कडेला घेऊन पाणी प्यायल्या. बाटली एका दमात संपवली, तेव्हा मला कळलं, त्याही घाबरल्या होत्या. चोपडासाहेब रुसले असते तर त्यांच्या भागातला एकही मालक आमच्याकडे फिरकला नसता. हे त्यांना फॅक्टरीत शिरतानाच माहीत होतं, आणि तरी त्या बोलल्या.

पण रुसायचं राहिलं बाजूला, साहेब आमच्या पुढच्या ट्रेनिंगला स्वतः बोलायला आले. दिनेशचं नाव न घेता मालकांना म्हणायचे, "मैं तो माला लेके खड़ा था जी, एक गरीब की जान लेने चला था!" मॅडमच्या तासाभरानं होत नव्हतं ते त्यांच्या पाच मिनिटांनी व्हायचं. आपली चूक अशी चारचौघांत हसत सांगायला छाती लागते. मी त्यांनाही मनातून नमस्कार केला.

त्या घोषणेनंतर त्यांच्या फॅक्टरीतली धागे कापणारी एक बाई टीबी लपवायची थांबली आणि औषध घ्यायला लागली. तिच्यासारखी आणखीही माणसं पुढे आली. या कामात मी एवढंच शिकले की कुणाचं भलं करायचं असेल तर आधी त्याला विचारावं. वेळ लागतो, पण नंतरची निस्तरानिस्तर वाचते.

दिनेशच्या बहिणीचं लग्न झालं. त्याचा अ‍ॅडव्हान्स पगारातून थोडा थोडा कापला जात होता. औषधं महाग होती तोवर हप्ता लहान होता. मग सरकारी हॉस्पिटलात औषधं फुकट मिळायला लागली, तेव्हा त्यानं स्वतः जाऊन हप्ता वाढवून घेतला. एका दुपारी चोपडासाहेबांचा फोन आला. मॅडम बाहेर होत्या म्हणून मीच उचलला. ते म्हणाले, मॅडमना सांगा, आज दिनेशचा शेवटचा हप्ता कापला, अठरा हजार पूर्ण फिटले.