हुबळीच्या आजोबांना कोणी सांगेल का?

मामा गेला, आणि शुक्रवारी रेडिओवर कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

माझा भिवंडीचा मामा. हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने वायरलेसवर लांबच्या माणसांशी बोलणारा.
खोलीभर जुने व्हॉल्वचे सेट. आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या. बटण दाबलं की त्या हळूहळू तांबूस होणार, मगच आवाज येणार.

मला कुठे तेवढा धीर! दापोड्याच्या गोडाऊनमधली नोकरी मी जेवणाच्या सुट्टीत सोडलेली. मग वज्रेश्वरीला एकाच्या हॉटेलात होतो, तिथली मिसळ... असो.

मामा म्हणायचा, "तापू दे रे. तू पण कधी एका जागी तापून बघ."

तो बोलायचा फक्त शुक्रवारी. बाकीचे दिवस आजूबाजूचे पॉवरलूम चालू, रेडिओत नुसती खरखर. शुक्रवारी लूम बंद, लाइन क्लिअर.

मध्येच मामीने विचारलं, "चहा टाकू का?" तर म्हणायचा, "आधी ओव्हर म्हण, मग उत्तर देतो."
मामी म्हणायची, "ओव्हर. न्हाय टाकत जा."

या शुक्रवारी मामीच म्हणाली, "लाव तो सेट. हुबळीवाले येतील."

हुबळीचे एक आजोबा. कित्येक वर्षांची दोस्ती, पण कधी भेट नाही. फोन नंबरसुद्धा घेतला नाही. मामाचं म्हणणं, फोनवर काय, कोणीही बोलतं.

सेट लावला. थांबलो. खरंच थांबलो.

आजोबांचा आवाज आला. मामाचा कॉल साइन, म्हणजे त्याचं रेडिओवरचं नाव. परत तेच. परत तेच.

मी माइक उचलायला गेलो.
मामी म्हणाली, "हात न्हाय लावायचा. लायसन त्यांचा हाय."

तिकडे आजोबा हसले. "लगता है आज आपके लूम चालू हैं, मेरी आवाज़ नहीं पहुँच रही. कोई बात नहीं. अगले शुक्रवार."

अख्खी गल्ली शांत होती.

मामी सेटजवळ वाकली. हळूच म्हणाली, "बंद हायत हो लूम. हेच न्हायत."

तर दोस्तांनो, ही पोस्ट त्यासाठीच. तुमच्या ओळखीत कोणी लायसनवाला हॅम असेल तर मला मेसेज करा. बँड, वेळ, कॉल साइन सगळं देतो. फक्त त्या आजोबांना गाठा.

मामी म्हणते, गोल गोल नको, सरळ "गेले" म्हणून सांगा. न्हायतर म्हातारा दर आठवड्याला आमच्या लूमलाच शिव्या घालत बसेल.

मामा, मनापासून नमस्कार.
पुढच्या शुक्रवारी ऐकायला मी इथेच आहे. कुठे जात नाही.