टेकडीवरची आणि विहिरीकाठची

दादाने हायब्रीड मिरचीची रोपं आणली त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना बोलणं बंद झालं. जिवती तालुक्यात आमचं शेत दोन तुकड्यांत आहे: वर मुरमाड टेकडी, खाली विहिरीकाठची काळी जमीन. दादाला दोन्हीकडे हायब्रीडच लावायची होती. तसं झालं असतं तर माय दरवर्षी राखून ठेवते ते गावरान बी संपलं असतं. गावात ते आता आमच्याच घरी उरलं होतं.

मी वाढले मोर्च्यांच्या पत्रकांवर. ‘आपलं बी वाचवा’ हे पत्रक गावोगाव मीच वाटलं होतं. तेच बी आता माझ्या घरातच हरायला निघालं होतं.

मायने त्या हंगामात दोन्ही मिरच्या दोन्ही जागी लावल्या. वाळल्यावर चारही ढिगांची वेगवेगळी चटणी करायची, कोणती कुठली ते तिलाच ठाऊक. आम्ही जिला चांगली म्हणू, तिचंच बी पुढे सगळीकडे, असं तिने ठरवलं.

विहिरीकाठचं हायब्रीड लांब, जाड, लालभडक निघालं. गावरान तिथे नुसतीच फुगली आणि वाळताना पांढुरकी पडली. मी धास्तावले.

चार वाट्या समोर आल्या. पहिल्या दोन मिळमिळीत. तिसरी झणझणीत. चौथीने कान तापले. दादानेही चौथीलाच मान डोलावली. मी चौथीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हीच आपली, टेकडीवरची.

“टेकडीवरचीच हाय,” माय म्हणाली. “पण हायब्रीड.”

दादा हसला असता तर बरं झालं असतं. “झालं मंग,” तो म्हणाला. “आता काढ याच्यावर पत्रक.”

तोंडाची आग होत होती, पण मला पाणी मागवेना. टेकडीवर तोडणीला मीच गेले होते. हायब्रीडची झाडं तिथे करपलेली पाहिली होती. “माय, टेकडीवरची हायब्रीड निघाली किती?”

मायने मूठभर मिरच्या आणून ठेवल्या. टेकडीवरच्या गावरानचं टोपलं तिला एकटीला उचलेना, दादाला उठावं लागलं. ते खाली ठेवून तो त्या मूठभर मिरच्यांकडे पाहत राहिला.

“पाणी नाई भेटलं का कोणतीबी मिरची चिडते,” माय म्हणाली. “तिथं जगते कोन, ते पाहा.”

“वरती गावरानच लावा,” दादा म्हणाला. “विहिरीकाठी मात्र माही हायब्रीड.”

मी तोंड उघडलं. पण पहिल्या दोन वाट्यांतली एक विहिरीकाठच्या गावरानची होती, आणि तिला मीच मिळमिळीत म्हटलं होतं.

मायने टोपलं माझ्याकडे सरकवलं. मी बी काढायला बसले. दादा पाइप खांद्यावर टाकून विहिरीकडे गेला. माझी बोटं संध्याकाळपर्यंत जळत राहिली.