आर्गॉन लावून पाहिलंत?

प्रयोगशाळेत तिला सगळेच ताई म्हणत, सरसुद्धा. बाटल्या धुवायला म्हणून लागलेली ताई चोवीस वर्षांत सरांचा उजवा हात झाली होती.

सरांनी सारी हयात एकाच ध्यासात घालवली. हवेतल्या नायट्रोजनचे अणू दोघं-दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात. ती जोडी फोडली, तरच त्यांचा हायड्रोजनशी मेळ बसून अमोनिया होतो आणि पुढे खत. कारखान्यात त्यासाठी प्रचंड आच आणि दाब लागतो. सरांना तेच काम मंद आचेवर, पांढऱ्या भुकटीच्या कणांवर बसवलेल्या धातूकडून करून घ्यायचं होतं.

"हट्टी जोडपं आहे हो, ताई," सर म्हणायचे. "अगदी आमच्यासारखं. सुटता सुटत नाही."

मग सर अंथरुणाला खिळले आणि डॉक्टरांनी हात टेकले. त्याच सुमारास कणांवर धातू बसवायला लागणारा त्याचा नेहमीचा क्षार संपला. सरांना फोनवर विचारून ताईने दुसरा, नायट्रेट असलेला, वापरला. तिसऱ्या आठवड्यात भट्टीतला वायू चाचणीच्या नळीत सोडला, तर नळी निळीशार! निळी म्हणजे अमोनिया. सरांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं.

ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. तिने नायट्रोजन काढून त्या जागी कशाशीच संयोग न करणारा आर्गॉन वायू लावला. आर्गॉनपासून अमोनिया होणं शक्यच नाही. नळी पिवळसर राहायला हवी होती. ती निळी झाली. तीनदा केलं, तिन्ही वेळा निळी. अमोनिया हवेतल्या नव्हे, क्षाराच्या उरलेल्या नायट्रेटमधल्या नायट्रोजनचा होता. जोडी फुटलीच नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात वहिनींनी, सरांच्या बायकोने, तिचा चेहरा वाचला. "काय असेल ते आज नको. किती दिवसांनी चार घास खाल्लेत त्यांनी."

ताईने मान हलवली. गप्प राहायचं ठरवूनच ती आत गेली.

सरांनीच विचारलं, "आर्गॉन लावून पाहिलंत?"

"हो."

"निळं?"

तिने तीन बोटं वर केली: तिन्ही वेळा.

"तो क्षार चालेल असं मीच म्हणालो होतो," सर म्हणाले. "वहीत लिहा. तारीख घाला. आणा, सही करतो."

सही वाकडीतिकडी आली. नवव्या दिवशी सर गेले.

शोकसभेत विभागप्रमुख त्या शोधाबद्दल भरभरून बोलू लागले, तेव्हा ताईने उठून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सरांच्या सहीची ती नोंद वाचून दाखवली. बाहेर पडताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "सुखात जाऊ द्यायचं होतं हो त्यांना."

"त्यांनीच विचारलं" हे ओठांवर आलेलं ताईने गिळलं.

ती अजूनही सुट्टीच्या दिवशी वहिनींकडे जाते. वहिनी कधी दार उघडतात, कधी नाही. उघडलं तर चहा होतो, गुडघेदुखीच्या गोष्टी होतात. सरांचा विषय दोघीही काढत नाहीत.