सात चादरी खाल्लेला बैल

रामय्या गेल्याचं कळलं तेव्हा मी टेंभुर्णीच्या बाजारात, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून एका गिऱ्हाइकाला पटवत होतो की असलीच चादर पांघरून माझा आजा एकशेदहा वर्षं जगला. तेवढ्यात सोलापूरहून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं खिडकीतून निरोप टाकला. त्या गिऱ्हाइकानं चादर घेतली की नाही, आठवत नाही...

तीस वर्षं तो मागावर चादरी विणायचा आणि मी त्या गावोगाव विकायचो. धागा त्याचा, थापा माझ्या. माझी प्रत्येक थाप तो जागच्या जागी कापायचा, म्हणून तर दोस्ती टिकली. मग त्याला कंपवात झाला. आधी हात थरथरले, मग आठवणी आतच अडकू लागल्या. मी भेटायला गेलो तर त्याचा मुलगा व्यंकटेश दारातच म्हणाला, "काका, वडलांना कायबी आठवत न्हाई आता. विचारू नका."

मी विचारलंच. "रामय्या, बाहत्तरच्या दुष्काळात वैरागला त्या बैलानं काय केलं रे?" तो नुसता बघत राहिला. जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. त्या फेरीला तोही माझ्याबरोबर वैरागला आला होता, आम्ही दोघंच. तोच विसरला तर ते घडलं याला साक्षीदार कोण? माझ्यावर तर माझी बायकोसुद्धा विश्वास ठेवत नाही! घाबरून सवयीनं बोलून गेलो, "सात चादरी खाल्ल्या की आपल्या!"

रामय्याचा जबडा हलला. बराच वेळ नुसताच हलला... मग, "थापाड्या. एक. तीबी नुसती चावली."

आणि मागोमाग सगळं निघालं, बैलाचं मोडकं शिंग, मालकिणीनं ओशाळून दिलेलं तांब्याभर ताक. सूत तुटलं नव्हतं, टोक सापडत नव्हतं एवढंच. खरं विचारलं की गप्प, थाप मारली की खडबडून जागा! मग मी रोज दुपारी जाऊन मन लावून खोटं बोलायचो. इतकं पुण्य मला दुसऱ्या कशानं लागलं नसेल.

त्याच्या दिवसकार्याला मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बारा चादरी खाल्ल्या बैलानं!" सगळे हसले. व्यंकटेशही हसला. कुणी अडवलं नाही...

ती चावलेली चादर माझ्याकडे आहे. कोपऱ्यात रामय्याचं रफू, इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. परवा दुपारी ती अंथरली आणि म्हणालो, "सात." थांबलो. गल्लीतले माग खडखडत होते. बराच वेळ थांबलो. मग रफूवर बोट ठेवून मीच म्हणालो, "एक. तीबी नुसती चावली."